अंशकाकांची सलग नोंद

अंशकाकांना "उद्या पाऊस येईल का हो?" असं विचारणारा माणूस गल्लीत नवा आहे, असं खुशाल समजावं. जुने कुणी विचारत नाहीत. काका चष्मा कपाळावर चढवतात आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणतात, "उद्याचं माहीत नाही. काल किती पडला ते सांगतो." आणि सांगतात. मग परवाचा सांगतात. मग गेल्या वर्षी याच सुमाराला किती पडला होता, तो. छत्री घ्यायची की नाही हा विचारणाऱ्याचा प्रश्न तसाच राहतो, आणि बस चुकते ती वेगळीच.

अंशकाका हे नाव गल्लीनं ठेवलेलं. उकडायला लागलं की बाकीचे लोक वर्तमानपत्रानं वारा घेतात. काका किती अंश ते दशांश चिन्हासकट सांगतात. लग्नसंबंधामुळे काकूही आपोआप अंशकाकू झाल्या. त्यातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, हे त्या स्वतःच मोठ्या अभिमानानं सांगत फिरतात. गल्ली हसते ती या आकड्यांना. ताईचा विषय निघाला की मात्र कुणी हसत नाही. ऊन मोजण्याच्या नादात या माणसानं थोरल्या बहिणीला घराबाहेर कसं जाऊ दिलं, हे सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळ्यांत जास्त त्यांना स्वतःला.

हवामानाचं खूळ तसं म्हातारपणीचं. उभा जन्म काकांनी मोटारी गुंडाळण्यात घालवला. पंख्याची, पंपाची, मिक्सरची मोटार जळाली की लोक ती त्यांच्या दुकानात आणून टाकत. काका आतली काळी पडलेली तार उपसून काढत, वेढे मोजत, आणि नवी तार तितक्याच वेढ्यांनी भरत. वेढे चुकले तर मोटार फिरते, पण गुरगुरते. पुढे दुकान एका मोबाइलवाल्याच्या हवाली करून ते घरी बसले, आणि बोटांना मोजायला काही उरलं नाही. मग त्यांनी हवा मोजायला घेतली.

गच्चीवर आधी पाऊस मोजायचं भांडं आलं. मग वाऱ्यावर गरगरणाऱ्या तीन वाट्या आल्या. मग पांढऱ्या झडपांच्या पेटीत बसवलेला थर्मामीटर. सगळ्यांचे आकडे बिनतारी खाली येत आणि पुढच्या खोलीतल्या जुन्या लॅपटॉपवर जमा होत. असल्या छंदिष्टांचा फोनवर एक ग्रुप होता. तिथं प्रत्येक जण रोज आपापलं आभाळ टाकायचा आणि दुसऱ्याच्या आभाळात खोट काढायचा. त्यात शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी करणारा एक गृहस्थ होता. ग्रुपवर त्याचं नाव 'वादळ'. माणूस वाईट नव्हता, पण जीभ नुकतीच धार लावून आणल्यासारखी.

घरात काका, काकू आणि ताई. भावंडं तीन: ताई थोरली, काका मधले, आणि एक धाकटा, तो दुसऱ्या गावात. आई लवकर गेली, वडील असून नसल्यासारखे. ताईनं इस्पितळाच्या धुलाईघरात नोकरी धरली ती केस पांढरे होईपर्यंत. धुलाईघर तळघरात. खिडकी नाही, वाफ मात्र पोटभर. थंडीच्या दिवसांत ती अंधारात आत जायची आणि अंधारातच बाहेर पडायची. त्या पगारावर मधला मोटारीचं काम शिकला आणि धाकटा कॉलेजात गेला. तिचं लग्न राहून गेलं. कुणी मुद्दाम राहू दिलं असं नाही, पण कुणी आठवणही केली नाही. नोकरी संपल्यावर ती मधल्याकडे राहायला आली, आणि अजूनही त्यांना 'मधल्या' अशीच हाक मारायची. गल्लीत अंश म्हणून मिरवणाऱ्या माणसाला घरात मात्र तेवढंच नाव.

तर काकांनी ऊन मोजायचा सेन्सर आणला. दिसायला उपड्या ठेवलेल्या चहाच्या कपाएवढा, डोक्यावर पांढरी टोपी. गच्चीच्या उन्हाच्या बाजूला कठड्यालगत त्यांनी एक लोखंडी नळी सिमेंटनं पक्की बसवली, कमरेइतक्याच उंचीची, म्हणजे टोपीवरची धूळ पुसायला शिडी नको. पाणसळ लावून सेन्सर इतका सपाट केला की वर गोटी ठेवली असती तर कुठल्या बाजूला घरंगळावं या विचारात ती तिथंच बसून राहिली असती.

खाली लॅपटॉपवर पिवळा गोल उमटला, शेजारी वॅटचा आकडा. ढग आला की आकडा उतरायचा, गेला की चढायचा. काका दिवस दिवस त्याच्यापुढे बसायला लागले.

काकू म्हणाल्या, "खिडकीतून बघा की. ऊन आहे का ते कळेल."

"आहे ते कळेल. किती आहे ते?"

"तुमचा सदरा भिजला की जास्त आहे."

तीन महिन्यांनी ग्रुपवर टाकायला म्हणून काकांनी महिन्यांचा तक्ता उघडला. पाऊस होता, वारा होता, अंश होते. उन्हाचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा. प्रोग्रॅम नव्या सेन्सरचा आकडा पडद्यावर दाखवत होता, पण साठवत नव्हता. सेटिंगच्या पोटात, तिच्याही पोटात, 'नोंद ठेवा' असा एक चौकोन होता, आणि त्यात खूण करायची राहून गेली होती. मोटार सुरेख गुंडाळावी आणि तारेची टोकंच जोडू नयेत, अशातली गत.

वादळनं लिहिलं, "काका, तुमच्याकडे तीन महिने सूर्य उगवला नव्हता का? कळवायचं होतं, आमच्याकडचा पाठवला असता."

ते काकांना चांगलंच झोंबलं. त्यांनी खूण केली, पाच-पाच मिनिटांची सरासरी लावली, गावाची जागा आणि समुद्रापासूनची उंची भरली. त्यावरून प्रोग्रॅम निरभ्र दिवसाची एक फिकट कमान आखायचा, आणि खऱ्या उन्हाची रेषा तिला धरून चालायची. मग काकांनी मनाशी गाठ बांधली: आता अख्खं वर्ष, एक दिवस न मोडता. ग्रुपचा नियमच होता. सेन्सरची जागा आणि उंची न हलवता वर्षभर सलग मोजलं तर ती नोंद सगळ्यांच्या सामाईक तक्त्यात जाणार. वीतभर जरी हलवला, तरी आधीचं सगळं बाद आणि नव्यानं सुरुवात.

पण रेषा काही नीट चालेना. सकाळी कमानीला धरून चढायची, आणि मधेच धपकन खाली. जरा वेळानं पुन्हा वर. आभाळ कोरं करकरीत असलं तरी हेच.

"काका, तुमचा सूर्य युनियनमध्ये आहे वाटतं," वादळनं लिहिलं. "चहाची सुट्टी चुकवत नाही."

काकांचा पहिला संशय प्रोग्रॅमवर. त्यांनी घड्याळ तपासलं, उंची पुन्हा भरली, सरासरी कमीजास्त करून पाहिली. खड्डा आपला जागच्या जागी. मग संशय कावळ्यावर गेला. नळीला चमकत्या पट्ट्या बांधल्या, तर खड्डा तसाच आणि कावळे बघायला जास्त यायला लागले. शेवटी एका सकाळी फोनवर आकडा लावून काका स्वतः जिना चढून गेले आणि गच्चीच्या दारात उभे राहिले.

ताई चादरी वाळत घालत होती. धुलाईघरातला हात तो. ओली चादर झटकली की फाट असा आवाज, चारी टोकं जुळलेली, दोरीवर एक सुरकुती दिसणार नाही. दोरी सेन्सरच्या पलीकडे, सकाळच्या सूर्याच्या बाजूला. चादर पसरली तशी तिची सावली बरोबर पांढऱ्या टोपीवर येऊन बसली, आणि काकांच्या हातातला आकडा जिन्यावरून घसरावा तसा घसरला.

शेवटचा टॉवेल टाकून ताई भिंतीशी स्टूल ओढून बसली. पाठ तापलेल्या भिंतीला, तोंड उन्हाकडे, डोळे मिटलेले.

"कोण, मधल्या?"

"न बघता कसं कळलं?"

"जिन्यात तुझा गुडघा वाजतो."

"काय करतेयस?"

"कपडे वाळतायत का बघतेय."

"डोळे मिटून?"

"त्यांना वाळायला माझे डोळे लागत नाहीत."

काका हसले. एक शब्द बोलायचा, तो तिथंच बोलायचा होता. ते बोलले नाहीत. हसत हसत मागे फिरले, आणि जिना उतरेपर्यंत त्यांच्या डोक्यात सगळी आखणी तयार होती.

नळी उंच करावी, तर नोंद मोडते. दोरी गच्चीच्या दुसऱ्या बाजूला न्यावी, तर तिथं पाण्याच्या टाकीची दिवसभर सावली. राहता राहिली घरामागची पत्र्याखालची जागा. काकांनी तिथं दोन दिवस खपून दोरी बांधली. साधीसुधी नाही, दोन्हीकडे कप्पी, हँडल फिरवलं की दोरी खाली, कपडे टाकले की वर. कारागीर माणूस, काम दृष्ट लागण्यासारखं. गच्चीवरची दोरी सोडून गुंडाळून ठेवली आणि ताईला हाताला धरून मागे नेलं.

"तुझे गुडघे दुखतात ना," काका म्हणाले. "आता जिना चढायला नको."

ताईनं दोरीकडे बघितलं. मग भावाकडे बघितलं.

"माझे? वाजतात तर तुझे."

"तेच ते. वय झालंच की आपलं."

"बरं," ताई म्हणाली. हँडल एकदा फिरवून पाहिलं. "ताठ बांधलीस. हात आहे तुला."

रात्री जेवताना काकूंनी विषय काढला. "वन्संना ऊन लागतं हो थोडं."

"मग जाऊ दे की गच्चीवर. मी काय कुलूप घातलंय?"

कुलूप नव्हतंच. पण नुसतं ऊन खायला म्हणून गच्चीवर जाऊन बसणं ताईच्या रीतीत नव्हतं. हातात ओली चादर असली की ऊन हक्काचं; नसली की ती चैन. आणि चैन करायची सवय तिला कुणी कधी लावली नव्हती. ती पुन्हा वर गेली नाही.

रेषा मात्र सुधारली. सकाळी चढायची, डोक्यावर यायची, संध्याकाळी उतरायची. कमानीला इतकी बिलगून की दोन रेषा आहेत हे निरखून बघावं लागे. ग्रुपवर वाहवा झाली. खुद्द वादळनं लिहिलं, "आता कसं ऊन शोभतंय." काकांनी तो निरोप दूधवाल्यालासुद्धा वाचून दाखवला.

पत्र्याखाली कपडे वाळायला वेळ लागे, आणि वाळले तरी त्यांना ओलसर वास राही. ताई मागच्या खोलीत बसून उसवलेल्या चादरींना टाके घालायची. एकदा काका तिथून जाताना थबकले.

"दिवसा दिवा कशाला लावलास?"

"दिसत नाही म्हणून."

"असं होय," म्हणून काका पुढे गेले. त्या दिवशीचं ऊन वर्षातलं सगळ्यांत कडक होतं. ते त्यांनी ग्रुपवर कळवलंही.

पुढे धाकट्याच्या बायकोचा हात मनगटात मोडला. घरात करायला कुणी नाही, म्हणून ताई चार दिवसांसाठी तिकडे गेली. चार दिवसांचे आठवडे झाले. काका फोन करत, "कधी येतेस?" ताई म्हणायची, "बघू." काका ठेवून द्यायचे. एकदा तर त्यांनी तिला तिकडचं तापमान विचारलं. ती म्हणाली, "छान आहे." एवढ्यावर कुठला आकडा बसवायचा ते त्यांना कळेना.

"प्लास्टर कधी निघायचं कोण जाणे," एका सकाळी ते काकूंना म्हणाले.

काकू भांडी पुसत होत्या. "ते निघून कितीतरी दिवस झाले."

"मग ती येत का नाही?"

"त्यांना विचारा."

"तू विचारलं असशीलच."

"विचारलं. म्हणाल्या, इथं गॅलरीत दोरी आहे आणि सकाळचं ऊन येतं."

काका खुर्चीवर टेकले. म्हणाले, "मी तिला वर जाऊ नको असं कधी म्हटलं?"

"नाही म्हटलंत," काकू म्हणाल्या. "म्हटलं असतंत तर भांडल्या तरी असत्या. वन्सं काही ऐकून घेणाऱ्यातल्या नाहीत. तुम्ही दोरी बांधून दिलीत. बांधून दिलेल्या दोरीशी काय भांडायचं?"

लॅपटॉपवर पिवळा गोल चढत होता. काकांना नको तेवढं आठवायला लागलं. धुलाईघराला सुट्टी असली की ताई दारापुढे चटई टाकून उन्हात बसायची. दोघं भाऊ भोवती धिंगाणा घालायचे, आणि ती खेकसायची, "सावली पाडू नका रे, बाजूला व्हा." सरळ तोंडावर. तेही सरळ बाजूला व्हायचे. त्यात कुणाचा अपमान झाला नाही आणि कुणाच्या गुडघ्यांचं नाव निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी गच्चीवरून घणाचे आवाज आले. गल्लीतल्या चार खिडक्या उघडल्या. काका सिमेंट फोडत होते. नळी उपटून त्यांनी ती टाकीच्या माथ्यावर आडवी टाकली, आणि गुंडाळून ठेवलेली दोरी जुन्या खिळ्यांना पुन्हा ताणली. वर्ष पुरं व्हायला थोडेच आठवडे उरले होते. ग्रुपवर त्यांनी एकच ओळ टाकली, "नोंद थांबवली आहे."

वादळचं उत्तर लगेच आलं. "काका, किनाऱ्याला आणून होडी बुडवलीत? झालं काय?" पाठोपाठ, यावेळी धार नसलेलं आणखी एक: "तब्येत बरी आहे ना?" काकांनी फोन पालथा घातला आणि बस पकडली.

धाकट्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. तो कामावर गेलेला, त्याची बायको बाजारात. दार ताईनंच उघडलं. चेहरा उजळलेला, नाकाचा शेंडा उन्हानं लाल. गॅलरी अरुंद होती, पण समोर अडवायला काही नव्हतं. दोरीवर चादरी, खाली दोन खुर्च्या. शेजारच्या गॅलरीतल्या बाई विणकाम करता करता ताईशी कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होत्या. काकांना बघून त्या समजूतदारपणे आत गेल्या, म्हणजे ऐकू येईल इतक्याच आत.

"न सांगता आलास?" ताई म्हणाली. "बस. गुडघा कसा आहे?"

काका बसले नाहीत. "गच्ची मोकळी केली. दोरी परत बांधली. तुला न्यायला आलोय."

"आणि तुझं यंत्र?"

"काढलं."

"वर्षभराचं मोजत होतास ना? झालं पुरं?"

"नाही."

"वेडा आहेस. पुरं तरी करायचंस. इतके दिवस गेलेच होते."

"चादरीची सावली पडत होती, ताई. मला नीट सांगता आलं नाही."

"मला कळलं होतं की."

काकांनी मान वर केली.

"दारात फोन धरून उभा होतास. चादर हलली की फोनकडे बघायचास. एक डोळा उघडाच होता माझा," ताई म्हणाली. "मला वाटलं, आता म्हणेल, ताई, सावली पडतेय. मी दुपारी घातले असते कपडे. दुपारी त्या दोरीची सावली दुसरीकडेच पडते. माझं काय अडत होतं?"

दुपारी. प्रोग्रॅममधला एकूण एक चौकोन उघडून बघितला होता काकांनी. वेळ, उंची, सरासरी, सगळं बदलून पाहिलं होतं. कपडे दुपारी वाळत घाल, हे चार शब्द बहिणीला सांगायचं मात्र त्यांना सुचलं नव्हतं.

"मग तू का नाही बोललीस?"

"तू म्हणालास गुडघे. मग काय बोलायचं? माझ्याशी खोटं बोलायची पाळी आली तुझ्यावर, म्हणजे मीच कुठंतरी अडचणीत बसले असणार, असं वाटलं."

"चल ना घरी."

ताईनं दोरीवरच्या चादरीला हात लावून पाहिला. "रागावून म्हणत नाही हं. पण आता नको. रुळले मी इथं. ह्या वयात पुन्हा पुन्हा उठून रुळायला होत नाही रे."

"तुझंच घर आहे ते."

"असेल की. पण तिथं आता वर जाऊन बसले तरी मनात येत राहील, आपण कशाच्या आड येतोय का."

काकांना यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. येताना बसमध्ये सगळं जुळवून आणलं होतं. त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. ऊन गॅलरीच्या कडेला सरकलं.

"धर," ताई म्हणाली, आणि वाळलेल्या चादरीची दोन टोकं तिनं त्यांच्या हातात दिली.

दोघं गॅलरीच्या दोन टोकांना उभे राहिले. चादर ताणली, झटकली, दुमडली. काकांचं एक टोक निसटलं.

"तार गुंडाळणाऱ्याला चादर धरता येईना," ताई म्हणाली. "घट्ट धर. आता इकडे ये."

काका चार पावलं पुढे गेले आणि त्यांची टोकं तिच्या टोकांना लागली. तिनं ती काढून घेतली, उरलेली घडी स्वतःच घातली, वरून हात फिरवला आणि आत गेली. दारातून काका बघत राहिले. धाकट्याच्या कपाटाचं दार तिनं कोपरानं उघडलं आणि चादर ठेवून दिली. कुठला कप्पा, ते तिला बघावं लागलं नाही.